हाडवैर

७ जानेवारी, दुपारी ३.१०

आजपासून रोजनिशी. कारण: सूड. सूड घ्यायचा तर नोंद ठेवली पाहिजे, नाहीतर राग विरतो. माझा विरतोच. गेल्या वर्षी रेडिओशी (विभागाचा शिपाई, एकदा याच्या कानात काही पडलं की साऱ्या इमारतीला ऐकू जातं) महिनाभर अबोला धरायचं ठरवलं होतं. चौथ्या दिवशी त्याच्याच डब्यात जेवलो.

घटना. सकाळी दहाचा तास. विषय खांदा. शिकवायला नव्या बाई. रुजू होऊन पंधरा दिवस झालेत. वय जेमतेम माझ्या नोकरीइतकं, म्हणजे एकोणतीस. शेजारी स्टँडला बारीकराव. आमच्या सांगाड्याला मुलांनी ठेवलेलं हे नाव. बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः जोडलाय. सुटी हाडं, तारा, स्प्रिंगा, स्क्रू. चार महिने लागले होते.

बाई बोलता बोलता थांबल्या. बारीकरावांच्या गळ्याशी जाऊन बघितलं. मग साठ मुलांसमोर म्हणाल्या, नीट बघा, याच्या कॉलरबोन उलट्या लागल्यात. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. कोणी जोडलाय हा?

रेडिओने दारातून माझ्याकडे बोट दाखवलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. साठ जण हसले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, बारीकरावांनी शर्ट उलटा घातलाय. पुन्हा साठ जण हसले. मी खाली बघत होतो. बाईही हसल्या असणारच.

हाडांच्या खोलीची किल्ली एकोणतीस वर्षं माझ्या कमरेला आहे. विभागप्रमुखसुद्धा आत येताना दार वाजवतात. आणि मी उत्तर काय दिलं, तर "बघतो."

संकल्प:
१. बाई चूक आहेत हे सिद्ध करणे.
२. त्याच साठ जणांसमोर.
३. लेखी माफी.
४. तोवर चुकूनही बाईंशी चांगलं वागायचं नाही.

८ जानेवारी, सकाळी ९

साडेसातलाच आलो. तपासलं. कॉलरबोनची वरची बाजू गुळगुळीत, खालची खडबडीत. बारीकरावांच्या दोन्ही खडबडीत बाजू वर होत्या. म्हणजे उलट्या आहेत.

निष्कर्ष: कोणीतरी मुद्दाम बदलल्या.

संशयित: रेडिओ. पण तो सहाच वर्षांपूर्वी लागला, आणि विभागप्रमुखांच्या खोलीत बावीस वर्षांपूर्वीचा फोटो आहे, मी आणि बारीकराव. त्यातही खडबडीत बाजू वर दिसते. फोटो अस्पष्ट आहे.

दुसरा मुद्दा. बावीस वर्षांत बावीस तुकड्या डॉक्टर होऊन गेल्या. एकाच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे ते हाड काही फार महत्त्वाचं नसावं.

कोणी यायच्या आत दोन्ही सुलट्या लावल्या. उजवा खांदा ठणकतोय. थंडी.

संकल्प १ रद्द. २, ३ आणि ४ कायम.

१४ जानेवारी

हल्ला पहिला: असहकार. बाईंनी हाताच्या हाडांची पेटी मागितली. मी पायाच्या हाडांची दिली, वर लेबल हाताचं. वर्गात उघडतील, गडबडतील, साठ जण हसतील. बघायला दाराशी थांबलो.

बाईंनी पेटी उघडली. एक हाड उचललं, उलटसुलट केलं. म्हणाल्या, आज पाय करू या. आणि पाऊण तास पाय शिकवला. तळपाय म्हणजे कमान कशी, ती प्रत्येक पावलाला थोडी दबते आणि परत उचलते कशी, टाचेमागची जाड दोरी पोटरीला टाचेशी कशी बांधून ठेवते. मुलांना उभं केलं, टाचा उचलायला लावल्या. एकमेकांच्या पोटऱ्या दाबून बघायला लावल्या. शेवटी टाळ्या पडल्या.

मीही दाराशी टाचा उचलून उभा होतो, ते नंतर लक्षात आलं. रेडिओने पाहिलं.

२१ जानेवारी

शत्रूचा विषय शत्रूइतकाच आला पाहिजे. म्हणून रोज दाराबाहेर स्टूल टाकून तास ऐकतो. निमित्त: पेट्या पुसणे.

आजचं महत्त्वाचं. बाई म्हणाल्या, स्नायू कधी ढकलत नाही, तो फक्त ओढतो. म्हणून ते जोडीने असतात. दंडाचा पुढचा आवळला की हात वाकतो, मागचा आवळला की सरळ होतो. एक आवळतो तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचं असतं.

एकोणतीस वर्षं मी सैल सोडत आलो. आता आवळणार.

उजव्या हाताने केस विंचरता येत नाहीत. डाव्याने विंचरतो. भांग उलट्या बाजूला पडतो. बायको म्हणाली, नवीन का? म्हटलं, हो.

२९ जानेवारी, दुपारी १

हल्ला दुसरा: निनावी तक्रार. "एक हितचिंतक" या सहीने विभागप्रमुखांना. मजकूर: नव्या बाई विद्यार्थ्यांसमोर ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा पाणउतारा करतात. तीन परिच्छेद. मला आवडली. सकाळी त्यांच्या दाराखालून सरकवली.

बाराला बोलावणं. साहेबांनी कागद पुढे केला. म्हणाले, हे कोणी तुमच्याकडून लिहून घेतलं?

एकोणतीस वर्षांत या विभागातलं प्रत्येक लेबल, प्रत्येक पेटी, बाथरूमवरची सूचनासुद्धा माझ्या हाताची आहे. हे आधी सुचायला हवं होतं.

मी म्हटलं, एका हितचिंतकाने. ते म्हणाले, त्याला सांगा, "पाणउतारा" मधला ण बाणाचा. मी तिथेच दुरुस्त केला. कागद मला परत दिला. निदान बाईंना कळलं नाही.

४ फेब्रुवारी

नवीन व्यवस्था: वरच्या दोन फळ्यांवरच्या पेट्या खालच्या फळीवर. कारण सोय. हात वर जात नाही हे कारण नाही.

बाई आल्या, फळ्या बघितल्या, मला बघितलं. म्हणाल्या, हात वर करा बरं. मी केला. खांद्याइतका झाला. पुढे भिंत लागल्यासारखा थांबला. म्हणाल्या, आता पाठीमागे न्या, शर्ट खोचताना नेतो तसा. मी म्हटलं, मी शर्ट बाहेर ठेवतो.

मग समजावायला बसल्या. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. बशी उथळ म्हणून तर हात असा चहूकडे फिरतो. भोवती एक पिशवी असते, तीच कधीकधी आवळते. दुखतं म्हणून माणूस हात हलवत नाही, हलवत नाही म्हणून ती आणखी आवळते. वर्ष, दीड वर्षसुद्धा जातं. रक्तातली साखर तपासली का? फिजिओकडे जा, मी चिठ्ठी देते.

मी म्हटलं, माझी पिशवी ठीक आहे.

विचार केला. डाव लक्षात आला. चिठ्ठी म्हणजे पुरावा. "शारीरिकदृष्ट्या अपात्र." मग किल्ली काढून घ्यायची. गोड बोलून पिशवी दाखवायची आणि मागून मान मोडायची.

हे आता साधं भांडण राहिलं नाही. हे हाडवैर.

६ फेब्रुवारी

चिठ्ठी घेऊन फिजिओकडे गेलो. उपचाराला नाही, टेहळणीला. फिजिओवाली मुलगी विशीतली, बोटं पकडीसारखी. खांदा फिरवला. मी ओरडलो नाही. बाहेर बसलेल्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ओरडलो.

मुलगी म्हणाली, तुमच्या मॅडमचे तीन फोन आले तुमच्यासाठी. तीन. म्हणजे पाळत आहे.

व्यायाम: भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवत न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीची खूण. दिवसातून तीनदा, दहा वेळा. आठवड्याला एखादं बोट वर सरकेल म्हणाली.

एक बोट. मला इतका वेळ नाही.

८ फेब्रुवारी

दोन दिवसांत बारा दिवसांचा व्यायाम उरकला. काल दीडशे, आज दोनशे. खूण चार बोटं खाली आली. भिंत चुकीची असावी.

बायको म्हणाली, अहो, त्या बाईंचं ऐका, त्या काळजीने सांगतात. घरात फितुरी.

१२ फेब्रुवारी, सायंकाळी ५

१८ तारखेला तपासणी समिती. तिघे जण. बाहेरचे. प्रत्येक शिक्षकाचा एक तास बघणार. बाईंनी विषय निवडला: जबडा. बारीकरावांचा जबडा हाताने उघडून-मिटून दाखवणार. कानाच्या पुढे बोट ठेवा, तोंड उघडा, हाड पुढे सरकताना लागेल, वगैरे. आज रंगीत तालीम झाली. चांगली झाली, हे दुर्दैव.

हल्ला तिसरा, आणि अखेरचा. बारीकरावांचा खालचा जबडा दोन बाजूंच्या स्प्रिंगांवर आहे. प्रत्येक स्प्रिंगेला एक स्क्रू. उजवा स्क्रू काढायचा. डावा दोन आटे सैल. हात लागला की जबडा खाली. तिघांसमोर. मग मी दारातून शांतपणे विचारणार, कोणी हाताळला हा?

हे वाक्य सहा वेळा म्हणून पाहिलं. "कोणी"वर जोर चांगला वाटतो.

१८ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

निघालो. स्क्रू-ड्रायव्हर खिशात. बायकोने विचारलं, इतक्या लवकर? म्हटलं, समिती आहे. खोटं नाही.

१९ फेब्रुवारी

उजव्या हाताने लिहितोय. कोपर टेबलावर ठेवलं की जमतं. डावा प्लास्टरमध्ये.

क्रमाने लिहितो, कारण सूड घेणाऱ्याने प्रामाणिक असावं, निदान वहीशी.

बारीकराव चौथऱ्यावर उभे असतात, मागच्या बाकांना दिसावं म्हणून. जबडा माझ्या डोक्याच्या वर येतो. माझा हात खांद्याच्या वर जात नाही. हात वर जात नाही तर माणसाने वर जावं, म्हणून स्टूल घेतलं. प्रयोगशाळेतलं, गोल. ते फिरतं असतं हे मला माहीत होतं. एकोणतीस वर्षं माहीत आहे.

डावा सैल केला. उजवा काढला, दातांत धरला. स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवायला हात मागे नेला. हात मागे जात नाही. मी गेलो. स्टूल अर्धा वळसा फिरलं.

पडताना माणूस हात पुढे करतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. बाईंनीच एका तासाला सांगितलं होतं. आवाजही त्या म्हणाल्या होत्या तसाच आला.

आणि पहिली धावत कोण आली तर बाई. त्या सातपासून शेजारच्या खोलीत तक्ते लावत होत्या. फूटपट्टी आणि बारीकरावांवर घालतो ते पांघरूण घेऊन मनगट बांधलं. बोटं हलवायला लावली, नखं दाबून बघितली. तोवर लवकर आलेली पंधरावीस मुलं दारात जमली. बाईंनी मला हळूच विचारलं, यांना दाखवू का? तुम्हाला चालणार असेल तरच. जेवायच्या काट्यासारखं वाकलंय, पुस्तकात असतं अगदी तसं.

मी म्हटलं, दाखवा. का म्हटलं, कळत नाही.

मुलं वाकून बघत होती. एकही हसलं नाही. एका मुलीने माझ्या पाठीमागे दप्तर लावलं, टेकायला.

२० फेब्रुवारी

एक गोष्ट काल लिहिली नाही. स्क्रू. दातांत होता. पडल्यावर नव्हता.

गिळला असणार.

कोणाला सांगणार? स्क्रू तोंडात का होता, हा पुढचा प्रश्न. परवा एक्स-रेवाल्याला म्हटलं, मनगटाबरोबर पोटाचाही एक काढा. तो म्हणाला, का? म्हटलं, असंच. तो म्हणाला, असंच नसतं काढत.

काल रात्रीपासून नऊ केळी. बायको सोलते आणि भरवते. तिला वाटतं हाड जुळायला.

२३ फेब्रुवारी

रेडिओ भेटायला आला. बातमी: समितीच्या वेळी बारीकरावांचा जबडा लोंबत होता. बाईंनी खिशातून केस बांधायचं रबर काढून उजवीकडे अडकवलं आणि तास घेतला. रबर ताणलं की उघडतो, सोडलं की मिटतो. स्नायू असाच ओढतो म्हणाल्या. समितीने अहवालात लिहिलं: कल्पक शैक्षणिक साधन.

रेडिओ म्हणाला, स्क्रू काही सापडला नाही म्हणे. मी विषय बदलला. पोटात उजवीकडे टोचतंय.

३ मार्च

विभागप्रमुख घरी. हातात लिफाफा. प्रशस्तिपत्र. "कार्यालयीन वेळेच्या आधी स्वयंस्फूर्तीने उपस्थित राहून सांगाड्याचे सैल झालेले स्क्रू घट्ट करत असताना जखमी झाल्याबद्दल." अपघाताचा अहवाल बाईंनी लिहिला. शिफारसही त्यांचीच. साहेब म्हणाले, त्या हितचिंतकालाही दाखवा.

बायकोने दर्शनी भिंतीवर लावलं, बरोबर माझ्या पेन्सिलीच्या खुणांच्या वर. येईल त्याला दाखवते.

विचारांती: हा विजयच आहे. शत्रू स्वतःच्या हाताने माझा गौरव करून बसला आणि त्याला पत्ता नाही. इतका भोळा शत्रू मिळणंही नशीब. सूड पूर्ण झाला असं मानायला हरकत नाही. लेखी माफी नसली तरी लेखी आहे.

टोचणं सुरूच.

२ एप्रिल

प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, काडीसारखं. फिजिओवाली म्हणाली, सहा आठवडे वापरला नाही की स्नायू असाच झिजतो. हाड जुळलंय. तुटल्या जागी आधी मऊ भरतं, मग कडक होतं, मग महिनोन्महिने घासून गुळगुळीत करत राहतं शरीर. म्हणाली, हाडाला शहाणपण असतं.

रोख माझ्याकडे नसावा.

उजव्या खांद्याची खूण: पहिल्यापेक्षा दोन बोटं वर. दिवसातून तीनदा, दहा वेळा. जास्त नाही.

५ एप्रिल

कामावर रुजू. खोली स्वच्छ होती. पेट्या खालच्याच फळीवर. बारीकरावांना अजून रबर.

अकराला बाईंनी दार वाजवलं. आत आल्या आणि टेबलावर स्क्रू ठेवला. म्हणाल्या, बारीकरावांच्या चौथऱ्याखाली होता. त्याच दिवशी सापडला. डावीकडचा दोन आटे सैल होता, तो मी घट्ट केला.

मी म्हटलं, पोटात नव्हता तर.

त्या म्हणाल्या, काय?

म्हटलं, काही नाही.

मग मी विचारलं, हे माहीत होतं तर अहवालात तसं का लिहिलं? त्या म्हणाल्या, खरं लिहिलं असतं तर तुमची नोकरी गेली असती आणि ही किल्ली माझ्या गळ्यात पडली असती. मला कुठलं हाड कुठल्या पेटीत आहे तेसुद्धा अजून सापडत नाही. लेबल हाताचं असतं, आत पाय निघतो.

माझी मान खाली. तरी विचारलंच. म्हटलं, सात जानेवारीला तुम्ही भर वर्गात विचारलंत, कोणी जोडलाय हा.

त्यांना आठवेना. मग आठवलं. म्हणाल्या, हो, कॉलरबोन. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सुलट्या केल्यात ना? मी मुलांना सांगितलं, बघा, बावीस वर्षांची चूक चोवीस तासांत दुरुस्त करणारा माणूस आहे हा, असे डॉक्टर व्हा. तुम्ही तेव्हा वर्गात नव्हता.

नव्हतो. खोलीत बसून संशयितांची यादी करत होतो.

म्हणाल्या, स्क्रू आज लावून टाकू या, उद्या तास आहे. हात किती वर जातो? दाखवला. बारीकरावांच्या बरगड्यांपर्यंत गेला. बाईंचा हात वर जातो, पण त्या उंचीने लहान. तेच स्टूल ओढलं आणि चढल्या.

मी खाली उभा राहिलो. दोन्ही हातांनी स्टूल धरलं. डाव्यात जोर नाही, उजवा दुखतो.

त्यांना स्क्रू लावायला पाच मिनिटं लागली. स्टूल जरासुद्धा फिरलं नाही.